वही, पिनांची डबी आणि काचेचे पेले

पांढऱ्या टेबलापाशी ५८ वर्षांचे एक फ्रेंच गृहस्थ बसले आहेत. डोळ्यांवर बोजड गॉगल आहे. टेबलावर एक वही ठेवली आहे, पण कुठे ते त्यांना सांगितलेलं नाही. ते मान सावकाश इकडून तिकडे फिरवतात, थांबतात, हात पुढे करतात आणि हात नेमका वहीवर पडतो. वही उचलून तिच्या जागी स्टेपलरच्या पिनांची छोटी डबी ठेवली, की मात्र बहुतेक वेळा हात चुकतो.

या गृहस्थांना चाळीस वर्षांपूर्वी रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराचं निदान झालं होतं. चाचण्या सुरू झाल्या तेव्हा समोर उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळत होतं. २४ मे २०२१ रोजी 'नेचर मेडिसिन'मध्ये त्यांच्यावरच्या उपचाराचा शोधनिबंध छापून आला. पॅरिस आणि पिट्सबर्ग अशा दोन्हीकडे काम करणारे नेत्रतज्ज्ञ जोझे-अ‍ॅलन साहेल आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे बोतोंद रोस्का हे त्यामागचे प्रमुख संशोधक. बातम्यांचा सूर साधारण 'अंधाला दृष्टी मिळाली' असाच होता. शोधनिबंधाचं शीर्षक त्याहून खूप सावध आहे. त्यात 'आंशिक' हा शब्द आहे, 'एका रुग्णात' असं म्हटलं आहे आणि 'दृष्टी परत आली' असं न म्हणता दृष्टीचं कार्य काही प्रमाणात परतल्याचं म्हटलं आहे. हे तीन शब्द किती तोलून वापरलेत, ते प्रकरणाच्या आत शिरल्यावर कळतं.

गाव उठलं, रस्ता राहिला

डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, हा एकच थर नाही. सर्वांत मागे प्रकाश पकडणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशी असतात. मधल्या पेशी त्यांच्याकडून येणाऱ्या संदेशावर बरेच संस्कार करतात. सर्वांत पुढे, डोळ्यातल्या पारदर्शक जेलीला लागून, गँग्लिऑन पेशी असतात. त्यांचे दहा लाखांच्या आसपास लांब तंतू एकत्र येऊन डोळ्याची मुख्य नस होते आणि मेंदूकडे जाते. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी प्रत्येक बातमी याच पेशींमार्फत जाते.

रेटिनायटिस पिगमेंटोसात आधी दंडपेशी मरतात, म्हणून पहिली तक्रार बहुधा रातांधळेपणाची असते. मग बाजूचं दिसेनासं होतं आणि माणूस नळीतून बघितल्यासारखं बघू लागतो. शेवटी शंकुपेशीही जातात. हा एकच आजार नाही. सत्तरहून अधिक जनुकांपैकी कुठल्याही एकातल्या बिघाडाने तो होऊ शकतो. त्यातल्या आरपीई-६५ या एका जनुकासाठी अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये जनुकोपचार मंजूर झाला. पण तो त्या एकाच जनुकापुरता आहे आणि त्यासाठी पेशी जिवंत असाव्या लागतात. पेशीच मेल्यावर जनुक दुरुस्त करून काय होणार?

गँग्लिऑन पेशी मात्र या आजारात बऱ्याच उशिरापर्यंत तग धरतात. गाव उठून गेलं, पण गावातून तालुक्याला जाणारा रस्ता शाबूत आहे, अशी ही अवस्था. या रस्त्यावर थेट वाहन सोडण्याचा प्रयत्न आधीही झाला होता. अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालेल्या 'आर्गस २' या उपकरणात पडद्यावर ६० इलेक्ट्रोड, म्हणजे पेशींना विजेने चेतवणारे बिंदू, बसवत. दहा लाख तंतू आणि साठ बिंदू. तेवढ्यात जे कळायचं तेवढं कळे. पॅरिसच्या मंडळींनी वीज वगळून प्रकाशच वापरायचं ठरवलं: गँग्लिऑन पेशींनाच उजेड कळू लागला, तर पुढचा रस्ता तयारच आहे.

शेवाळाकडून उसनं

गँग्लिऑन पेशीला उजेड कळत नाही. (थोड्याशा अपवादात्मक पेशींना कळतो, पण त्या शरीराचं घड्याळ आणि बाहुली सांभाळतात, चित्र बघत नाहीत.) उजेड कळायला प्रथिन लागतं, आणि ते साचलेल्या पाण्यातल्या शेवाळाकडे आहे. क्लॅमिडोमोनस नावाचं एकपेशीय शेवाळ उजेडाच्या दिशेने पोहतं, कारण त्याच्या आवरणात प्रकाश पडताच उघडणारी दारं असतात. पीटर हेगेमान, गेऑर्ग नागेल आणि अर्न्स्ट बामबर्ग या जर्मन संशोधकांनी २००२-०३ मध्ये ही दारं ओळखली. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या एड बॉयडन आणि कार्ल डायसेरॉथ यांनी तेच प्रथिन चेतापेशीत घालून ती पेशी प्रकाशाने चालवून दाखवली. या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात. २००६ मध्ये डेट्रॉईटच्या झुओ-हुआ पान यांच्या गटाने ते अंध उंदरांच्या पडद्यात वापरलं.

सुरुवातीचं प्रथिन निळ्या प्रकाशावर चाले. माणसाच्या डोळ्यात ते अडचणीचं, कारण निळा प्रकाश प्रखर लागला तर पेशींना इजा होते आणि बाहुलीही आकसते. म्हणून इथे क्रिमसन-आर हे प्रथिन निवडलं. तेही एका क्लॅमिडोमोनसचंच, पण ते ५९० नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर-केशरी प्रकाशावर उघडतं. त्याच्या शेपटीला टीडी-टोमॅटो नावाचं लाल चमकणारं प्रथिन जोडलं होतं. त्याचं मूळ डिस्कोसोमा या समुद्री जिवात आहे. म्हणजे शेवाळाचं दार, समुद्री जिवाचा लाल रंग आणि हे दोन्ही पेशीपर्यंत नेणारा निरुपद्रवी केलेला विषाणू, असा तिघांचा काफिला एका फ्रेंच माणसाच्या डोळ्यात उतरला. विज्ञानकथेत हे लिहिलं असतं तर संपादकाने 'जरा जास्तच होतंय' म्हणून परत पाठवलं असतं.

इंजेक्शन एकदाच दिलं, दोन डोळ्यांपैकी ज्यात कमी कळत होतं त्या डोळ्यातल्या जेलीमध्ये. त्यात विषाणूच्या सुमारे ५० अब्ज प्रती होत्या. आकडा मोठा वाटला तरी या चाचणीतल्या तीन मात्रांपैकी ही सर्वांत लहान. सुरुवातीच्या रुग्णांच्या बाबतीत तसंच करायला हवं. डोळ्याला सूज आली नाही आणि पुढच्या तपासण्यांतही धोक्याचं काही आढळलं नाही.

माकडाच्या डोळ्यात जे दिसतं

इंजेक्शन दिल्यावर पेशींत प्रथिन तयार झालं की नाही, हे कळणार कसं? माणसाच्या पडद्याचा तुकडा काढून बघता येत नाही. माकडांवरच्या कामातून एवढं ठाऊक होतं की प्रथिनाचं प्रमाण दोन ते सहा महिन्यांत स्थिर होतं. त्यावरून या रुग्णाचं गॉगल लावून बघण्याचं प्रशिक्षण इंजेक्शननंतर साडेचार महिन्यांनी सुरू करायचं ठरलं.

माकडाच्या बाबतीत आता याच्या खूप पुढे जाता येतं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच काम. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ज्युलिएट मॅकग्रेगर, विल्यम मेरिगन, डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांनी एकाच गँग्लिऑन पेशीत दोन प्रथिनं घातली. पहिलं क्रिमसन-आर, म्हणजे पेशीला चेतवणारं. दुसरं जीकॅम्प: पेशी चेतली की आत कॅल्शियम वाढतं, आणि कॅल्शियम वाढलं की हे हिरवं चमकतं. एका रंगाच्या प्रकाशाने पेशीला हुकूम द्यायचा, दुसऱ्या रंगाच्या प्रकाशाने तिचं उत्तर वाचायचं.

अडचण अशी, की जिवंत डोळ्याच्या बाहुलीतून आतली एकेक पेशी स्पष्ट दिसत नाही. बुबुळ आणि भिंग थोडे वाकडेतिकडे असतात, त्यामुळे चित्र विस्कटतं. याचा इलाज खगोलशास्त्रात होता. वातावरणाच्या थरथरीमुळे विस्कटलेला तारा सरळ करायला मोठ्या दुर्बिणींत क्षणोक्षणी आकार बदलणारा आरसा वापरतात. तोच उपाय डोळ्यावर करून विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये जिवंत माणसाच्या पडद्यावरच्या सुट्या शंकुपेशी दाखवल्या होत्या. तेवीस वर्षांनी त्याच पद्धतीने त्यांनी माकडाच्या डोळ्यातल्या सुट्या गँग्लिऑन पेशी काम करताना बघितल्या. निरोगी प्रकाशग्राही पेशींमार्फत आलेला संदेश आणि क्रिमसन-आरमुळे थेट उठलेला संदेश, या दोन्हींची एकाच पेशीत तुलना करता आली. पडद्याच्या एका भागातल्या प्रकाशग्राही पेशी निकामी झाल्यावर दोन आठवड्यांनीही वरच्या गँग्लिऑन पेशी उत्तर देत होत्या. उपचारानंतर वर्ष उलटून गेलं तरी उत्तर येत होतं.

पॅरिसच्या रुग्णाच्या डोळ्यात जीकॅम्प नाही. पेशी काय म्हणते ते त्याच्यात वाचता येत नाही, माणसालाच विचारावं लागतं. इथून पुढचं सगळं प्रकरण या एका अडचणीभोवती फिरतं.

चुकीची भाषा बोलणाऱ्या पेशी

गँग्लिऑन पेशी म्हणजे नुसती तार नव्हे. माणसाच्या पडद्यात त्यांचे वीसच्या आसपास प्रकार आहेत आणि प्रत्येक जण वेगळी बातमी देतो. काही पेशी उजेड वाढला की बोलतात, काही उजेड कमी झाला की. काही बारीक तपशिलाच्या, काही हालचालीच्या. ही वाटणी पडद्याच्या मधल्या पेशी करतात. क्रिमसन-आर ही सगळी यंत्रणा ओलांडून थेट शेवटच्या पेशीला हलवतं. त्यामुळे प्रथिन मिळालेल्या सगळ्या पेशी उजेड पडताच एकदम ओरडतात, 'अंधार झाला' ही बातमी देण्याचं काम असलेल्याही. उजेड पडताच मेंदूला 'उजळलं' आणि 'अंधारलं' अशा दोन्ही बातम्या एकाच क्षणी, एकाच जागेवरून मिळतात.

दुसरी गफलत भूगोलाची आहे. आपण ज्या बिंदूने वाचतो, त्या पडद्याच्या मधल्या खड्ड्यात गँग्लिऑन पेशी नसतातच. त्या बाजूला सरकून खड्ड्याभोवती कडं करून असतात आणि लांब तंतूंनी मधल्या शंकुपेशींशी जोडलेल्या असतात. जेलीत सोडलेला विषाणूही मुख्यतः याच कड्यात रुजतो, कारण तिथलं आवरण पातळ असतं. याचा अर्थ असा, की कड्यावर पडलेला प्रकाश मेंदूला मात्र 'मध्यभागी पडला' असं सांगतो. चित्र कड्यावर आणि पत्ता मध्याचा.

म्हणून मला 'दृष्टी परत आली' हे वाक्य खटकतं. जुनी दृष्टी परत आलेली नाही. मेंदूकडे एक नवी, बरीच मोडकीतोडकी बोली येऊ लागली आहे, आणि ती मेंदूला शिकावी लागते.

गॉगलही लागतोच. क्रिमसन-आरला काम करायला दिवसाच्या साध्या उजेडापेक्षा कितीतरी प्रखर प्रकाश हवा. नैसर्गिक डोळा चांदण्यापासून भर उन्हापर्यंत स्वतःला जुळवून घेतो, तेही या प्रथिनाला जमत नाही. म्हणून गॉगलमधला कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि ५९५ नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याच क्षणी पडद्यावर टाकतो. कॅमेरा नेहमीसारखा फोटोमागून फोटो काढत नाही. त्याचा प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे, आपल्या जागी उजेड बदलला तरच कळवतो. निरोगी पडदाही बराचसा असाच वागतो. परिणाम असा, की टेबल स्थिर आणि मानही स्थिर असेल तर कॅमेऱ्याकडे सांगायला काहीच नसतं. मान हलली की वहीच्या कडा सरकतात आणि बातमी निघते. सुरुवातीच्या दृश्यातली ती सावकाश फिरणारी मान म्हणजे या यंत्राने बघण्याची रीतच आहे.

सात महिने

प्रशिक्षण सुरू झालं आणि पुढे सात महिने सांगण्यासारखं काही घडलं नाही. मग रुग्णाने काही कळू लागल्याचं सांगितलं. गॉगल लावून रस्त्यावर फिरताना झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे त्याला जाणवू लागले, मोजता येऊ लागले. या सात महिन्यांचा हिशेब मी असा लावतो: इंजेक्शनपासून हे साडेअकरा महिने होतात. माकडांच्या अनुभवावरून प्रथिन सहा महिन्यांत स्थिर व्हायला हवं. म्हणजे पेशी बऱ्याच आधी तयार असाव्यात. उशीर झाला तो मेंदूला.

आपल्याकडे याच्या जवळचा अनुभव दिल्लीतल्या 'प्रोजेक्ट प्रकाश'चा आहे. एमआयटीच्या पवन सिन्हांच्या या उपक्रमात जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया होते. त्यातल्या काही मुलांना, हाताने चाचपलेली वस्तू नुसतं बघून ओळखता येते का, असं शस्त्रक्रियेनंतर लगेच तपासलं. आली नाही. काही दिवसांतच मात्र येऊ लागली. या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये छापले गेले. त्या मुलांकडे डोळ्याची यंत्रणा नवी नव्हती, फक्त भिंग स्वच्छ झालं होतं. पॅरिसच्या रुग्णाचं उलट: त्याच्या मेंदूने तरुणपणी जग बघितलं होतं, पण आता येणारी बोली अनोळखी होती. शिकण्याचा काळ दोन्हीकडे लागला, आणि दोन्हीकडे हात मदतीला होता. टेबलावरची वही नुसती 'दिसली' म्हणायची नव्हती, तिला हात लावायचा होता.

कोविडने मधेच घाव घातला. याच चाचणीतल्या इतर सहभागींचं प्रशिक्षण अडलं, आणि शोधनिबंध एकाच माणसाचा राहिला.

टेबलावरचा निकाल

चाचण्या तीन अवस्थांत झाल्या: पहिली, दोन्ही डोळे उघडे, गॉगल नाही; दुसरी, फक्त उपचार केलेला डोळा उघडा, गॉगल नाही; तिसरी, फक्त उपचार केलेला डोळा, गॉगलसह. पहिल्या दोन अवस्थांत त्याला काहीच करता आलं नाही. गॉगल लावल्यावर वही ९२ टक्के वेळा सापडली, पिनांची डबी ३६ टक्के वेळा. पुढच्या चाचणीत टेबलावर काचेचे दोन किंवा तीन पेले ठेवून ते मोजायचे आणि कुठे आहेत ते दाखवायचे होते. १९ पैकी १२ वेळा त्याने बरोबर मोजले, म्हणजे ६३ टक्के.

बातम्यांनी ९२ उचलला. मला ३६ जास्त बोलका वाटतो. वस्तू लहान झाली की हात भरकटतो, यावरून चित्र किती जाडंभरडं आहे ते कळतं. जो माणूस सगळं अंदाजाने किंवा डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून करत असता, त्याच्या चुका वस्तूच्या आकाराप्रमाणे अशा बदलल्या नसत्या.

तरीही 'मला दिसलं' हे शेवटी रुग्णाचंच म्हणणं. म्हणून तिसरी चाचणी केली, आणि या प्रकरणाचा कणा माझ्या मते तीच. डोक्याला इलेक्ट्रोड लावून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, घेतला. पेला टेबलावर कधी ठेवायचा, कधी काढायचा. निरोगी माणसाने काही बघितलं की डोक्याच्या मागच्या भागातल्या, म्हणजे दृष्टीच्या जागेवरच्या, अल्फा लहरी मंदावतात. या रुग्णातही गॉगल लावलेला असताना पेला ठेवला की तिथल्या लहरी बदलत. नुसत्या ईईजीवरून, पेला आहे की नाही हे संगणकाने ७८ टक्के वेळा बरोबर सांगितलं. रॉचेस्टरच्या माकडात पेशी थेट बोलताना दिसत होती. इथे कवटीच्या बाहेरून तिचा दूरचा प्रतिध्वनी ऐकू आला. पण तो मेंदूतल्या योग्य ठिकाणाहून आला.

एक शंका मात्र मला राहते. त्या तीन अवस्थांत 'उपचार न केलेला डोळा, गॉगलसह' ही अवस्था नाही. रुग्णाला उजेड-अंधार कळत होता, म्हणजे काही जुन्या पेशी उरल्या असतील. गॉगलच्या प्रखर प्रकाशाने त्यांनाच थोडी जाग आली, असं कुणी म्हटलं तर? वस्तू कळायला लागलेले महिने या शंकेच्या विरोधात जातात, कारण गॉगल तर प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून होता. पण दुसरा डोळा बाजूलाच होता, आणि त्याला साक्षीला बोलावलं असतं तर वाद तिथेच मिटला असता.

अशी बातमी आली की आपल्याकडे घरोघरी पहिला प्रश्न असतो, 'आमच्या आजोबांना चालेल का?' मोतीबिंदू असेल तर याचा काही संबंध नाही. तिथे भिंग गढूळ झालेलं असतं, साधी शस्त्रक्रिया पुरते. काचबिंदू असेल तर हा मार्ग चालणारच नाही, कारण त्यात गँग्लिऑन पेशी आणि त्यांचे तंतूच मरतात. इथे गाव आहे, पण रस्ताच वाहून गेलेला. हा उपचार त्यांच्यासाठी, ज्यांच्या प्रकाशग्राही पेशी गेल्या आहेत आणि नस शाबूत आहे. त्यांच्यासाठीही अजून तो चाचणीच्याच वाटेवर आहे.

रुग्णाच्या रोजच्या आयुष्यात काय फरक पडला, तर ताट, कप, मोबाईल हाती लागू लागला, खोलीतलं फर्निचर आणि लांब बोळातलं दार कळू लागलं. चेहरा ओळखता येत नाही, अक्षर वाचता येत नाही, रंग नाहीत. प्रथिन डोळ्यात तसंच आहे. गॉगल काढला की टेबल पुन्हा रिकामं होतं.